पहिल्या बोटाचं कुंकू

१

सत्यम गेला आणि जळकोटला यंदा दिवाळी आलीच नाही. सण तोंडावर आला तरी एका दुकानावर आकाशकंदील नव्हता. चौकात मोठा फ्लेक्स लावलेला, त्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे एवढाले, आणि ज्याला वाहायची तो सायकलीसकट कोपऱ्यात दडपलेला. पोरांनी डोकी भादरली होती. घरातलं माणूस गेलं तरी केसांसाठी कुरकुरणारी ही पोरं सत्यमसाठी रांगेनं न्हाव्यापुढे बसली होती.

मी श्रीनाथ. लातूरच्या एका दैनिकात खेळाचं पान बघतो. क्रिकेट सोडून कशालाही जागा मागितली की आमचे संपादक मी उसने पैसे मागितल्यासारखं तोंड करतात. त्यांनी आपणहून पहिलं पान दिलं ते दोनदाच. सायकल शर्यतीत सत्यम देशात पहिला आला तेव्हा, आणि तो गेला तेव्हा. दुसऱ्या वेळी बातमी लिहिताना माझे हात चालेनात. हा पोरगा मला मनापासून आवडायचा. जिंकल्यावर फोन करायचा आणि स्वतःचं सोडून "श्रीनाथभाऊ, जेवलात का?" हे आधी विचारायचा.

झालं ते असं. दसऱ्याला चौकात त्याच्या नव्या सायकलीची पूजा झाली. तिथून तो सायकलवरच उदगीरला सत्कारासाठी निघाला. मागे मोटारसायकलींची मिरवणूक. गावाबाहेरच्या लांब उतारावर, पुलाच्या अलीकडच्या वळणावर सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर समोर आला. सत्यमनं सायकल बाजूला घातली आणि तो पुलाच्या कठड्यावर आदळला. उदगीरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी सायकल तपासली. ब्रेकची नळी शाबूत, मूठ शाबूत, काही कापलेलं नाही, काही सैल नाही. रस्ता कोरडा होता आणि स्वार देशातला पहिला होता. मग तो थांबला का नाही?

या प्रश्नाचं उत्तर गावानं काढून ठेवलं होतं. फ्लेक्सच्या खाली लाल अक्षरात लिहिलं होतं : "सर्वेशला अटक करा."

२

सर्वेश म्हणजे सत्यमचा सरावाचा जोडीदार. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच रस्त्यावर घाम गाळला. फरक एवढाच की सत्यम पहिला यायचा आणि सर्वेश दुसरा. आपल्याकडे दुसऱ्या नंबराच्या माणसाच्या मनात काय असतं, हे त्याच्यापेक्षा गावाला जास्त ठाऊक असतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी लातूरहून एसटीनं आणि अक्का नांदेडहून तिच्या गाडीनं जळकोटला पोचलो. राजश्रीअक्का माझी थोरली बहीण. नांदेडला वकिली करते, तीही फक्त अपघातांच्या दाव्यांची. एवढे अपघात वाचलेत की स्वतःची गाडी बैलगाडीच्या पुढे काढत नाही. सत्यमचे वडील अण्णारावही रस्त्यावरच्या अपघातातच गेले होते, तेव्हाचा दावा तिनंच लढवला होता. म्हणून सत्यमच्या आईनं, कस्तुराबाईंनी, तिलाच फोन केला.

त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. अक्काचा हात धरून म्हणाल्या, "वकीलबाई, मालकाचं तुमीच बगितलं. आता लेकाचं बी तुमीच बगा. सर्वेशनं केलं म्हनून राह्यलेत सारे. त्येच्या घरावर दगडं टाकली काल. लेकरू माझ्याच हातचं जेवलंय वो. त्यानं केलं आसंल तर मला कळू द्या. केलं नसंल तर त्याला सोडवा."

"काकू, खरं काही का निघेना, ऐकायची तयारी आहे?"

"आता काय र्‍हायलंय हरवायला?" कस्तुराबाई म्हणाल्या.

उद्या शाळेच्या मैदानावर शोकसभा होती. सभा संपली की मोर्चानं पोलीस ठाण्यात जायचं, सर्वेशवर खुनाचा गुन्हा नोंदवायला लावायचा, असं ठरलं होतं. त्याचं नाव राज्याच्या संघातूनही काढायला लावायचं होतं. म्हणजे आमच्या हातात एक संध्याकाळ होती, आणि पणाला लागलं होतं एका पोराचं अख्खं आयुष्य.

३

सत्यम प्रेमी मंडळाचा अध्यक्ष श्रीमंत. नावाप्रमाणे असेलच असं नाही, पण आवाज श्रीमंतांचा. भादरलेल्या डोक्यावर हात फिरवत त्यानं आम्हाला मंडळाच्या खोलीत नेलं. तिथे काचेच्या पेटीत, झेंडूच्या हारात, एक पांढरा टॉवेल ठेवला होता. टॉवेलवर लालभडक डाग. पोरं येत होती, पेटीला हात लावून डोळ्यांना लावत होती.

"सत्यमभाऊचं रगत हाय," श्रीमंत म्हणाला. "टॉवेल त्या सर्वेशचा. उताराला सत्यमभाऊ आन् सर्वेश, दोगांच्या सायकली पुढं निघाल्या, आमी जरा मागं र्‍हायलो. जाऊन बगतो तर सत्यमभाऊ तळमळून राह्यले आन् हा मानूस टॉवेलनं चाक पुसून राह्यला! चाक! मानूस मरायलं आन् ह्याला चाकाची पडली. पुरावा पुसला त्यानं, दुसरं काय? मी हिसकून घेतला त्याच्या हातातनं."

"त्याआधी काही पाहिलं होतं?"

"पाह्यलं की. पूजा झाली तवा हा चाकापाशी वाकला हुता, हातात फडकं. सत्यमभाऊनं त्याचा हात झटकला. भाऊला बी संशय आला आसंल."

मी पेटीपुढे नकळत हात जोडले. अक्का मात्र पेटीला नाक लागेल इतकी वाकून टॉवेल बघत राहिली. मला जरा राग आला. अपघात बघून बघून हिचं मन मेलंय, असं वाटलं.

"पूजा छान केली होती म्हणे," अक्का सरळ होत म्हणाली.

श्रीमंतचा चेहरा क्षणभर उजळला. "छान म्हंजे? दरसाली कोरडं कुंकू लावतो, ते चौक सोडायच्या आत उडून जातंय. औंदा मी डोकं लढवलं. कुंकू तेलात कालिवलं, वाटी भरून. साऱ्या चौकानं एकेक बोट लावलं. उदगीरपस्तोर कुंकू जाऊ द्यायचं न्हाई म्हनलं!"

मग त्याला आठवलं की ते कुंकू उदगीरला पोचलंच नाही, आणि तो डोळे पुसू लागला.

सायकलवाली पोरं जिथून सरावाला निघायची, त्या तालमीच्या पायरीवर प्रशिक्षक भीमाशंकर सर एकटेच बसले होते. सत्यम पुण्याच्या अकादमीत जाणार होता, त्यावरून दोघांचं वाजलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी तेच आधी विचारलं.

"भांडलो की," सर म्हणाले. "बाप लेकाशी भांडतो तसा भांडलो. पण दसऱ्याला सकाळी सायकल मीच तपासली. पळवून ब्रेक दाबला, जागच्या जागी थांबली. हे मी पोलिसांना सांगितलं, तर गाव म्हणतंय, बघा, म्हणजे सरांच्या नंतर सर्वेशनंच काहीतरी केलं! मी खरं बोललो आणि पोराच्याच गळ्याला फास लागला."

"सत्यमला फार रक्त गेलं का हो?" अक्कानं विचारलं.

सरांनी नकारार्थी मान हलवली. "तेच तर. अंगावर नुसतं खरचटलेलं. मार छातीत, आतल्या आत. दवाखान्यात नेताना माझ्या सदऱ्याला एक थेंब लागला नाही."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी काचेच्या पेटीला जोडलेले हात मला आठवले.

४

ट्रॅक्टर चालवणारा मारोती त्या दिवसापासून घराबाहेर पडला नव्हता. त्याचा काही दोष नव्हता, तो आपल्या बाजूनं येत होता, तरी तो भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"सायकल वरडत हुती, बाई."

"कोण? सत्यम?"

"न्हाई वो. सायकल. चाकातनं किंकाळी यायली हुती, डुकराला धरल्यावानी. उताराच्या मधापासनं ऐकू यायली. आजून कानात हाय. आमची आई म्हनती, मरन यायच्या आधी वस्तू रडती."

"किंकाळी येत असताना वेग कमी झाला?"

मारोतीनं पहिल्यांदा मान वळवली. "न्हाई ना. तेच तर म्हनतो. वरडली, पन थांबली न्हाई."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "अक्का, म्हणजे त्यानं ब्रेक दाबला होता."

"दाबला होता, आणि चांगला जोरात दाबला होता," अक्का म्हणाली. "ब्रेक तुटला असता तर आवाज कशाचा आला असता? काही कापलेलं नव्हतं. फक्त धरत नव्हतं."

शेवटी आम्ही कस्तुराबाईंच्या शेजारच्या तुळजाबाईंकडे गेलो. चहा घेतल्याशिवाय त्या बोलणार नव्हत्या, आणि चहा घेतल्यावर थांबणार नव्हत्या. इकडे तिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "सर्वेशचं मला काई ठाव न्हाई. पन एक सांगते, माझं नाव घेऊ नका. पूजेला पैलं बोट कस्तुरानं लावलं. विधवा बाईनं! सवाष्णी उभ्या हुत्या की आमी. सत्यमच ऐकंना. म्हनला, माझ्या सायकलीला पैलं कुंकू माझी माय लावंल, न्हाईतर पूजाच नको. तिनं लावलं तवाच मी म्हनलं, हे इपरीत झालं."

"कुठं लावलं बोट?"

"त्या चाकाच्या मधी चकाकती चकती हाय ना, नव्या सायकलीला, तिथं. लई शोभून दिसलं. मग साऱ्यांनीच तिथं लावलं."

अक्कानं कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला. ती एवढी रागावलेली मी कोर्टातसुद्धा पाहिली नव्हती. "चल," एवढंच मला म्हणाली. "सर्वेश पोलिसांपुढे एक शब्द का बोलत नाही, ते आता कळलं."

५

सर्वेशच्या घराच्या खिडकीला पुठ्ठा लावला होता. आत तो जमिनीवर बसला होता. आम्ही कोण ते सांगितलं तरी त्यानं वर पाहिलं नाही. पोलिसांपुढेही तो असाच बसला होता म्हणे.

अक्का त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"बोलू नकोस. मी सांगते, चुकलं तर मान हलव. टॉवेलवर रक्त नाही. रक्त असतं तर एव्हाना काळपट पडलं असतं. ते कुंकू आहे, तेलातलं. ते तू चकतीवरून पुसलंस. या नव्या सायकलींचा ब्रेक त्या चकतीलाच धरतो. तिला तेल लागलं की कितीही दाबा, नुसता ओरडतो, धरत नाही. पूजा झाल्या झाल्या तू पुसायला गेलास, सत्यमनं तुझा हात झटकला. बरोबर?"

त्यानं मान हलवली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं.

"अपघातानंतर तू पुसलंस ते कुणाच्या सांगण्यावरून?"

सर्वेश पुटपुटला. "त्याच्या."

मग तो बोलायला लागला. "मी म्हनलं हुतं त्याला, सत्या, तेल हाय, पुसू दे. तर म्हनला, आईच्या डोळ्यादेखत कसं पुसू? पैल्यांदा कुनी तिला पूजेला हात लावू दिलाय. गावाभायेर गेल्यावर पुसू. गावाभायेर गेलो तर मागं सारी मिरवनूक. थांबलं की सारे थांबनार, बगनार. पूल वलांडला की बगू म्हनला." सर्वेशनं बाहीनं डोळे पुसले. "पुलापाशी मी त्याला मांडीवर घेतलं. शुद्धीत हुता. म्हनला, सर्व्या, चकती पुस. लोकं आईच्या बोटाला नाव ठेवतील. तिला कळू देऊ नको. त्याला खाली ठिवून मी पुसायला लागलो. मी पुसत हुतो तवर त्यो..."

त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. मीही तोंड फिरवलं. मित्राच्या शेवटच्या घटकेला त्याचा हात धरायचा सोडून हा पोरगा त्याच्या सांगण्यावरून चाक पुसत बसला होता, आणि त्याच कामासाठी गाव त्याला खुनी म्हणत होतं.

"वकीलबाई, पाया पडतो. काकूला सांगू नका. मला घेऊन जाऊ द्या ठाण्यात."

"तू आत गेलास तर ती माऊली जन्मभर समजेल की तिच्या हातचं जेवलेल्या पोरानं तिचा लेक मारला," अक्का म्हणाली. "हे तिला कमी लागेल असं वाटतं तुला?"

पण काकूंना हे कसं सांगायचं, ते अक्कालाही सुचत नव्हतं. रात्री जेवताना ती भाकरी नुसती चिवडत राहिली.

६

शाळेचं मैदान सकाळीच भरलं. निलंगा, उदगीर, पार नांदेडहून सायकलवाली पोरं आली होती, प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत. फाटकापासून मैदानापर्यंत उतार आहे आणि उतार संपतो तिथे लांब उडीचा वाळूचा खड्डा. अक्कानं तोच हेरून ठेवला होता. सर्वेशला भीमाशंकर सरांनी आपल्याबरोबर आणलं. लोक उठून उभे राहिले, दोन-चार शिव्या आल्या. सरांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

अक्का माईकपुढे उभी राहिली. "सत्यमला कुणी मारलं ते मी सांगते. पण आधी श्रीमंतभाऊंनी मला मदत करायची."

तालमीची दुसरी सायकल, तसल्याच चकतीची, फाटकाशी उभी होती. अक्कानं खड्ड्याच्या बऱ्याच अलीकडे चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली होती. श्रीमंत सायकलवर बसला, उतारावरून आला, ब्रेक दाबला आणि बरोबर रेघेवर थांबला. कुणीतरी टाळी वाजवली आणि लाजून थांबलं.

"आता हिची पूजा करा. दसऱ्याला केली तशीच."

श्रीमंतनं तेलात कुंकू कालवलं, दोन्ही चकत्यांना बोटं लावली. त्याच्यामागून पोरं आली. त्यांनी भक्तिभावानं लावलं, कुणी पुटपुटत, कुणी रडत.

"आता परत या. त्याच रेघेवर थांबा."

श्रीमंत निघाला. रेघ यायच्या आधीच त्यानं दोन्ही मुठी आवळल्या. चाकातून किंकाळी उठली, कान फाडणारी. सायकल थांबली नाही. रेघ गेली, पुढची माणसं बाजूला पळाली, आणि श्रीमंत सायकलीसकट वाळूत जाऊन पडला.

गर्दीच्या मागून मारोतीचा आवाज आला, "हाच आवाज! अशीच वरडली हुती!"

अक्कानं टॉवेलचं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं स्पष्ट. तेलाचं सांगितलं. सर्वेश पूजेनंतर का वाकला होता तेही सांगितलं. कुणाचं बोट पहिलं होतं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. "घात तेलानं केला," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी जीव लावला आणि चुकीच्या जागी तेल लावलं. हा गुन्हा नाही. पण एका निर्दोष पोराच्या घरावर दगड टाकले, तो गुन्हा आहे."

श्रीमंत वाळूत बसूनच होता. आपल्या लाल झालेल्या बोटांकडे बघत होता. आजूबाजूची पोरंही आपापली बोटं बघत होती. काहीजण ती पँटला पुसत होते, आणि रंग निघत नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कस्तुराबाई उठल्या.

"वकीलबाई, तुमी एक सांगायचं ठिवलं." त्यांना माईकची गरज नव्हती, एवढी शांतता होती. "पैलं बोट माझं हुतं."

बायकांत कुजबूज झाली. तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. अक्का चटकन पुढे झाली. "काकू, त्या वाटीत सवाष्णींची बोटं बुडाली होती, पुरुषांची बुडाली होती. पहिलं बोट कुणाचंही असतं तरी सायकल थांबली नसती."

"ते मला कळतंय," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि सर्वेशपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुला ठाव हुतं?"

सर्वेशची मान खाली.

"त्यानं सांगितलं व्हय, आईला सांगू नको म्हनून?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आन् तेवढ्यासाठी दगडं खाल्लीस." त्यांनी त्याची हनुवटी वर केली. "येडे रे तुमी दोघं बी. म्हातारीला काय जपता? त्या चकतीवरलं माझं बोट पुसलं आस्तं, तर मी काय रडले आस्ते? आन् रडले आस्ते तर रडले आस्ते."

भीमाशंकर सरांनी हळूच सांगितलं की सर्वेशला परवा राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी निघायचंय, संघातून त्याचं नाव कुणीही काढणार नाही. कस्तुराबाईंनी जमिनीवरची कुंकवाची वाटी उचलली. आपल्याकडे पोरगं बाहेरगावी निघालं की कपाळाला कुंकू लावून धाडतात. त्यांनी बोट बुडवलं, हात वर नेला, आणि तो सर्वेशच्या कपाळापासून वीतभर अंतरावर अडला. सगळं गाव त्या बोटाकडे बघत होतं. त्यांना हात पुढे नेववेना.

"न्हाई रे बाबा," त्या म्हणाल्या. "माझं बोट नको."

त्या हात मागे घेणार, तोच सर्वेश खाली वाकला आणि त्यानं आपलं कपाळ त्या बोटाला टेकवलं.